नदीपलीकडची सहाण

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुमच्याकडे चंदन उगाळायला सहाण असते ना, मी तिच्याच जातीची. फक्त माझ्या नशिबी चंदनाऐवजी तनाखा नावाच्या झाडाचं खोड आलं. इरावती नदीच्या काठी आमच्या गावात तनाखाची पिवळसर उटी गालांना लावल्याशिवाय पोरगी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. उन्हाला ती उटी, घामोळ्याला ती उटी, लग्नाला तीच, आणि रडून सुजलेलं तोंड लपवायलाही तीच.

मला घडवणारा पाथरवट त्या दिवशी बायकोशी भांडून कामाला बसला होता. म्हणून माझ्या चार पायांपैकी एक तोकडा राहिला आणि मी जन्मभर डुगडुगत आले. बाजारात कुणी मला हात लावीना. शेवटी कडेवर तान्ही मुलगी घेतलेल्या एका तरण्या बाईने मला उचललं. तिचं नाव एई म्या.

"डुगडुगते तर डुगडुगू दे," ती म्हणाली. "माझा नवराही तसाच आहे."

पाथरवटाला इतकं हसू आलं की त्याने खोडाचा एक तुकडा वर फुकट दिला. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

कडेवरची ती मुलगी थान नू. तिच्या गालांवरची पहिली उटी माझ्यावर उगाळलेली. ती वाढली, शिकली आणि गावच्या शाळेत शिक्षिका झाली. शिक्षिकेला आमच्याकडे सयामा म्हणतात, आणि सयामाचा मान थेट आईबापांच्या रांगेतला. तिच्याशी बोलताना मुलं दोन्ही हात छातीवर बांधून, मान खाली घालून उभी राहतात. ही सवय एकदा अंगात मुरली की केस पिकले तरी जात नाही.

आमची सयामा नागरिकशास्त्र शिकवायची. सकाळी माझ्यासमोर उकिडवी बसून उगाळता उगाळता ती दिवसाचा धडा स्वतःशी म्हणत असे. "जो खरं वागतो, त्याच्या पाठीशी त्याचा देश उभा राहतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्यासारख्या दगडालाही पाठ झालं. खरं सांगते, माझा त्यावर विश्वास बसला होता. तिचा तर होताच. त्या वर्षांत माझं कौतुकही फार झालं. शेजारणी म्हणत, "तुमच्या सहाणेची उटी लोण्यासारखी उतरते हो." मी फुगायची आणि जरा जास्तच डुगडुगायची.

मग जेयाच्या निकालाचा दिवस आला. जेया हा टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा, सयामाचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. घरी दिवा नसायचा म्हणून आमच्या पडवीत अभ्यासाला बसायचा. मोठ्या परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला येणार हे अख्खं गाव धरून चाललं होतं. निकाल लागला तेव्हा तो काठावर पास झाला होता, आणि एका बड्या साहेबांचा मुलगा, ज्याला चार ओळी सरळ लिहिता येत नव्हत्या, तो पहिला आला होता. उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली हे गावात सगळ्यांना कळलं. बोललं मात्र कुणी नाही.

सयामा बोलली. अर्ज घेऊन ती तीन वेळा जिल्ह्याच्या गावी गेली. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसाने तिला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "सयामा, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता ना? मग वरिष्ठांचं ऐकणं हे पहिलं कर्तव्य, हे तुमच्याच पुस्तकात छापलंय. वाचलं नाही वाटतं?"

त्या आठवड्यात जेया आमच्या घरी आला. हात छातीवर बांधलेले, मान खाली. जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "सयामा, तुम्ही शिकवलं ते खोटं होतं." एवढं बोलून गेला, आणि काही दिवसांत गावच सोडून गेला. सयामाची बदली दूर डोंगरातल्या एका शाळेत झाली. आम्हांला घेऊन ती तिथे गेली, वर्षभर तिने शिकवलं. पण मित्रांनो, उगाळताना ती धडा म्हणेनाशी झाली. खोड फिरायचं, हात फिरायचा, तोंड मिटलेलं. एके दिवशी ती आईला म्हणाली, "मला हा देश नको. मुलांसमोर उभं राहून मी आता एक वाक्यही म्हणू शकत नाही."

सयामाचा नवरा कधीच वारला होता. घरात ती, म्हातारी झालेली एई म्या आणि दहा वर्षांची लेक वुट यी. तिघींनी नदी ओलांडून शेजारच्या थायलंडात जायचं ठरलं. सयामाचा हुकूम होता की एकीला एकच पिशवी, आणि इथलं ओझं तिकडे न्यायचं नाही. आजीने आपली दोन धडकी लुगडी काढून टाकली आणि गोधडीत गुंडाळून मला तळाशी घातलं.

"आई, तुझी पिशवी एवढी जड कशी?" वाटेत सयामाने विचारलं.

"माझी हाडं आहेत तीत," आजी म्हणाली. "म्हातारपणी जड होतात."

सीमेवरच्या म्यावाडीच्या घाटावर नावाड्याने पिशवी उचलली आणि तो कण्हला. "आजी, धोंडे भरलेत का काय?"

"एकच आहे. जास्त बोललास तर तुझ्या डोक्यात घालीन."

मोई नदी इतकी अरुंद की पलीकडच्या कोंबड्याचं आरवणं अलीकडे ऐकू येतं. तरी ती ओलांडताना सयामा एकदाही मागे वळली नाही. पलीकडे मे सोत गावात पिशवी उघडली तेव्हा मी सापडले, आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला. "ज्या देशाने आपल्याला लाथाडलं, त्याचा दगड उरावर घेऊन आलीस?"

"दगड देशाचा नाही," आजी म्हणाली. "माझा आहे. बाजारातून निवडून आणलाय."

मे सोतमध्ये आम्हांला पा ओनच्या अंगणात एक खोली मिळाली. तिकडे मावशीला पा म्हणतात. ही पा ओन अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. आजी तिच्याशी आपल्या भाषेत बोलायची, ती आजीशी तिच्या भाषेत, आणि दोघी एकमेकींच्या विनोदांना पोट धरून हसायच्या. कागदपत्रांच्या वेळी आमची मोठी पंचाईत झाली. आमच्या लोकांत आडनाव नसतं. आजी, आई आणि नात, तिघींच्या नावांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. कारकुनाने पेन खाली ठेवलं. "ही मुलगी हिचीच कशावरून?" पा ओनने वुट यीची हनुवटी धरून त्याच्यासमोर केली. "नाक बघा की! असं नाक काय भाड्याने मिळतं?" कारकुनाने दोन्ही नाकं पाहिली आणि शिक्का मारला. मी त्या बाईचे उपकार कधी विसरणार नाही.

सयामा एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवू लागली. आपण कोण होतो हे तिने कुणाला सांगितलं नाही. आणि तिने घरात नियम केला की गालाला उटी लावायची नाही. "इथे ती दिसली की माणूस कुठला ते लगेच कळतं. मला कुठलीच व्हायचं नाही."

मग माझं काय झालं? वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावायला एक धोंडा हवा होता. मला लावलं. मित्रांनो, दोन वर्षं मी दाराचा धोंडा होते. माझ्या कडेभोवतीच्या पन्हळीत धूळ बसली, मुंग्यांनी तिथे रस्ता केला. पूर्वी कौतुक ऐकून फुगले होते ना, ती सगळी हवा निघून गेली. कधी आजी येता जाता पायाच्या अंगठ्याने मला हळूच हलवायची. मी डुगडुगायची. आमची एवढीच बोलाचाल उरली होती.

एका चैत्रातल्या सुट्टीच्या दुपारी पा ओन तरातरा आली आणि माझ्यावर ठेचकाळली. असा काही ओरडा केला तिने, की शेजारची कुत्री पळाली. मग वाकून तिने मला निरखलं.

"अगं बाई, ही तर तनाखाची!" तिने मान वळवून घामोळ्यांनी लालेलाल झालेला गळा दाखवला. "दोन वर्षं घरात औषध, आणि मी मेली खाजवतेय! काढा की थोडं."

आजीचं मनगट सुजलेलं. वुट यीला उगाळता येत नव्हतं. आणि ज्या बाईने आपल्या नाकाची साक्ष दिली, तिला नाही कोण म्हणणार? सयामाने मला अंगणात नेलं, धुतलं, आणि आजीने कुठून तरी काढून दिलेलं खोड हातात धरलं. पाण्याचे चार थेंब पडले. तिचा हात गोल फिरू लागला. वास सुटला तसे तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. मलाही रडता आलं असतं तर मी रडले असते. इतक्या दिवसांनी मी धोंडा नव्हते, सहाण होते.

ती पा ओनच्या गळ्याला उटी लावत असतानाच फाटकातून एक तरुण आत आला. मुलांची शाळा भरवायला पा ओनची मागची पत्र्याची शेड मिळेल का, हे विचारायला तो आला होता. त्याने तोंड उघडलं, आणि सयामाकडे नजर जाताच त्याचे दोन्ही हात आपसूक छातीवर बांधले गेले. मान खाली गेली. तो जेया होता.

"सयामा."

"मी कुणाची सयामा नाही," ती म्हणाली. "मी कॉलरी शिवते."

"मग हात सोडू का?"

"सोड."

"सुटत नाहीत," जेया म्हणाला. पा ओन गळा पुढे करून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

सयामाने उटीची बोटं ओच्याला पुसली. "तू म्हणालास ते बरोबर होतं, जेया. मी खोटं शिकवलं."

"खोटं होतंच. पण तुम्ही ते खरं मानून शिकवत होता. तीन वेळा अर्ज घेऊन गेलात. माझा बाप नाही गेला, भीतीने. तुमच्याशिवाय माझ्यासाठी कोण गेलं होतं?" तो अजून जमिनीकडेच बघत होता. "ते मला तेव्हा कळलं नाही. आता मी इथल्या आपल्या मुलांना शिकवतो, तुम्ही शिकवायचा तसंच. पण मुलं विचारतात, आपण नागरिक कुणाचे, इथले की तिथले? मला उत्तर येत नाही."

"मलाही येत नाही."

"मग येत नाही एवढं सांगायला तरी या. माझ्याच्याने तेही होत नाही."

तिने पुन्हा खोड हातात घेतलं. जेया हात बांधूनच उभा. शेवटी आजी खोलीतून ओरडली, "अगं, काय ते हो म्हण, पोराचे हात आखडतील!"

शेड मिळाली. कारखान्यातून आल्यावर सयामा रोज दोन तास शिकवू लागली. शेड अंगणातच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी तिने मुलांना सांगितलं, "देश कधी पाठीशी उभा राहतो, कधी राहत नाही. कुठे परकी बाईसुद्धा उभी राहते. तुम्ही मात्र उभं राहायला शिका." जुनं वाक्य तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. मला हे नवं अजून पाठ होतंय.

वर्षअखेरीस परीक्षा झाली. सयामाने निकालाचा कागद शेडच्या दारावर लावला, सगळ्यांना दिसेल असा. वुट यीचं नाव सगळ्यात खाली होतं. नागरिकशास्त्रात ती चार गुणांनी नापास झाली होती, आणि विषय शिकवणारी तिची सख्खी आई! पोर ओक्साबोक्शी रडली.

आजी भडकली. "चार गुण टाकले असतेस तर तुझी पेन्सिल झिजली असती का? पोटची पोर ती! आणि इथे कोण बघतंय? ना तो देश आपला, ना हा."

"आई, आपला देश असाच गेला," सयामा म्हणाली. "कुणीतरी आपल्या पोराला थोडे गुण टाकले, आणि म्हणाला, कोण बघतंय?"

पा ओनने जेयाला खोदून खोदून काय झालं ते समजून घेतलं आणि फर्मान काढलं, "उद्यापासून पोरगी माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला बसेल. तिथे पंखा आहे, आणि मी आहे."

मित्रांनो, उटी न लावण्याचा तो नियम केव्हाच मोडला. आज मी पुन्हा रोज कामात आहे, आणि माझं मन आभाराने भरलेलं आहे. लुगडी टाकून मला उचलणाऱ्या आजीचे, माझ्यावर ठेचकाळलेल्या मावशीचे, परत हात बांधणाऱ्या जेयाचे. तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. घरातली जुनी सहाण दाराला लावू नका. तिच्यावर कोरडं खोड घासू नका, काम झालं की धुऊन ठेवा. आणि गुणांच्या कागदावर आकडा लहान असला, पण खरा असला, तर तो लिहिणाऱ्या बाईंवर रागावू नका.

वुट यी मात्र अजून रागावलेली आहे. काल दुपारी अंगणात कुणी नाही असं पाहून तिने तो कागद दारावरून उपटला. मला वाटलं, आता याचे तुकडे होणार. तिने तो सरळ धरून पुन्हा एकदा वाचला, तळाच्या आपल्या नावापर्यंत, आणि नीट घडी घालून आपल्या वहीत ठेवला.