तक्त्याची दुसरी बाजू

"एक्क्याऐंशीला ऐंशी?" नंतरबाईंनी कागद डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला, मग उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. "इतकं चांगलं कसं आलं?"

"आता चांगलं आल्याचाही खुलासा द्यायचा का, मॅडम?" मॉडेलवाला म्हणाला.

"वाईटाचा सगळेच देतात. चांगल्याचाच राहून जातो."

मॉडेलवाला म्हणजे बँकेतला चाळिशीचा, गोलमटोल, हुशार माणूस. कर्ज मागायला आलेला इसम पैसे फेडेल की बुडवेल, हे आधीच सांगणारं एक मॉडेल त्याने आठ महिने खपून तयार केलं होतं. दोन वर्षांतल्या कर्जदारांच्या नोंदी त्याला पढवल्या होत्या. त्याच कर्जदारांवर परीक्षा घेतली तेव्हा मॉडेलला शंभरात एक्क्याऐंशी गुण पडले. या परीक्षेत नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास पडतात, तेव्हा एक्क्याऐंशी म्हणजे छाती फुगवण्याजोगे. मग मॉडेलने कधीच न पाहिलेल्या, नंतरच्या वर्षातल्या कर्जदारांवर परीक्षा झाली. तिथे ऐंशी.

ही नंतरची परीक्षा तपासून सही करायची, हे बाईंचं काम. गेली एकवीस वर्षं त्या प्रत्येकाला "नंतरचं काय?" असं विचारत आल्या होत्या, म्हणून नंतरबाई. त्या कचेरीत 'नंतर बघू' हा एक निकाल होता. तो लागलेली फाइल पुन्हा कोणी पाहिली नव्हती. नंतर खरोखर बघणाऱ्या सबंध इमारतीत बाई एकट्याच, आणि त्याबद्दल त्यांना कोणी माफ केलं नव्हतं.

साहेब दारातूनच म्हणाले, "मॅडम, उद्या बारापर्यंत सही हवीय. परवा मोठ्या मीटिंगला मांडायचंय."

"बघते, साहेब."

"तुमच्या मुदतवाढीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. दोन्ही एकदमच वर पाठवू."

साहेब हसले. बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन वर्षं पगार. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण तिथे दिवसाला दोन माणसं येत, त्यातलं एक पत्ता विचारायला.

संध्याकाळी बाई दुकानात जाऊन बसल्या. खुर्चीत एक ट्रकवाला एका डोळ्यावर हात ठेवून समोरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता. अगदी तळाची, मुंगीएवढी ओळसुद्धा त्याने धडाधड म्हटली. "घ, ध, भ, म, थ, य."

चष्मेवाल्यांनी "छान" म्हणत तक्ता उलटा करून टांगला. मागे तेवढीच अक्षरं होती, क्रम वेगळा.

ट्रकवाल्याने डोळा बारीक केला. "ह्या बाजूला छपाई फिकी आहे का, काका?"

"छपाई एकच आहे. तुम्ही लायसनसाठी कितव्यांदा आलात?"

"तिसऱ्यांदा."

"मग तक्ता पाठ झालाय तुमचा. डोळे कुठे तपासले अजून?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, मी निघते."

"अगं, आत्ताच तर आलीस."

"माझा ट्रकवाला सापडला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या कचेरीत होत्या. नंतरची यादी त्यांनी खाते क्रमांकाने न लावता माणसाच्या ग्राहक क्रमांकाने लावली, आणि साडेनऊला मॉडेलवाल्याला बोलावून घेतलं.

"जुनं कर्ज फिरवून नव्याने घेतलं की बँक काय करते?"

"नवा खाते क्रमांक देते."

"माणूसही नवा देते का?"

मॉडेलवाल्याने पडद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू ट्रकवाल्यासारखा झाला. नंतरच्या यादीतल्या दर शंभर माणसांत शहाण्णव जुनीच होती, नुसती पाटी बदलून पुन्हा आलेली. मॉडेलने त्यांना ओळखलं होतं, पारखलं नव्हतं.

"आणि उरलेले चार?" त्याने विचारलं.

"तूच चालव."

त्याने चालवलं. सत्तावन्न.

"नाण्यापेक्षा सात जास्त," बाई म्हणाल्या. "आणि नाण्याला आठ महिने पगार द्यावा लागत नाही."

"मॅडम, मुद्दाम नाही केलं हो."

"मुद्दाम केलं असतंस तर इतकं चांगलं जमलं नसतं. जा, चहा घे."

बाराला साहेब आले. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढली. "बहुतेक कर्जदार जुनेच असतात ना? मग त्यांच्यावर चालतंय, झालं की."

"जुन्यांची ओळख आपल्या वहीतच आहे, साहेब. मॉडेल पाहिजे ते नव्यांसाठी."

"चार टक्क्यांसाठी सगळं अडवता?"

"ती माणसं पहिल्यांदाच दारात आलीत. त्यांना नाही म्हणायचं तर निदान त्यांच्याकडे बघून म्हणा."

"आत्ता सही करा. त्रुटी नंतर बघू."

"साहेब, नंतर म्हणजे मीच. मी बघितलं."

साहेबांनी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. "मग तुमचा कागदही नंतरच बघावा लागेल."

बाईंनी त्यांचंच पेन उचललं, 'अमान्य'च्या चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं, 'नव्या कर्जदारांवर नापास. खरोखर नवी माणसं घेऊन पुन्हा परीक्षा घ्यावी.' सही केली, तारीख टाकली, पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"छान चालतं," त्या म्हणाल्या.

नियमाप्रमाणे तो शेरा फक्त साहेबांना रद्द करता येत होता. त्यासाठी स्वतःच्या हस्ताक्षरात कारण आणि खाली स्वतःचं नाव लिहावं लागे. साहेबांनी आजवर पुष्कळ गोष्टी केल्या होत्या, पण कशाखालीही नाव लिहिलं नव्हतं. फाइल 'नंतर बघू'त गेली. तिच्याबरोबर बाईंचा कागदही गेला. महिनाअखेरीला त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या काटेकोरपणाचं तोंडभर कौतुक केलं. मॉडेलवाला त्यांची खोकी खाली रिक्षापर्यंत घेऊन आला. म्हणाला, "नव्या माणसांची वेगळी यादी करतोय, मॅडम. गुपचूप."

"गुपचूप कशाला? जोरात कर."

घड्याळ आता चष्म्याच्या दुकानात आहे. बाई सकाळी दुकान उघडतात. गिऱ्हाइकं अजून दोनच येतात.

पाच-सहा महिन्यांनी त्यातलं एक साहेब निघाले. गल्लीत दुसऱ्याच कामासाठी आले होते, पाटी पाहून थबकले आणि बाईंना पाहून परत फिरणं बरं दिसेना म्हणून बाकावर बसले. दुसरं गिऱ्हाईक आधीच खुर्चीत होतं. काचा बदलबदलून त्याने तळाची ओळ तीनदा वाचली, ती ऐकून झाल्यावर साहेब खुर्चीत आले.

"हल्ली फायली जरा पुसट दिसतात," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे."

"वाचा."

साहेबांनी एक डोळा झाकला आणि तळाची ओळ अडखळल्याशिवाय म्हटली. "घ, ध, भ, म, थ, य."

"छान," बाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी तक्ता उलटा टांगला.

साहेब पुढे झुकले. मग आणखी झुकले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"सावकाश," बाई म्हणाल्या आणि पहिली काच फडक्याने पुसू लागल्या. "मला घाई नाही."