टाकीच्या झाकणाचं भोक

आमच्या यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं, ही यांची पद्धत. यांच्या गॅरेजातून कुणाची मोटरसायकल आजारी परत गेली, असं मी पाहिलेलं नाही. अपवाद एकच, माझी.

मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते आणि बर्फाच्या पेटीतून पोचवते. उन्हाळा लागला आणि गाडीने नखरे मांडले. सकाळी पेट्रोल भरून निघावं तर झकास पळते. ऊन तापलं, की भर रस्त्यात आचके देते आणि मान टाकते. किका मारून मारून पायाचे तुकडे पडतात. थोडा वेळ रस्त्याकडेला ताटकळत बसलं, की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. तोवर पेटीतला बर्फ वितळतो. दोन पेट्या अशाच वाया गेल्या. त्या लोकांना पुन्हा सुई टोचायला मीच जायचं आणि त्यांची बोलणीही मीच खायची. लॅबच्या मॅडमनी बजावलं, आणखी एक पेटी नासली तर तुमच्या जागी दुसरं कुणी. ही नोकरी म्हणजे माझा जीव की प्राण. चार परके लोक मला माझ्या कामाने ओळखतात, ते हिच्यामुळे.

यांनी कसूर केली नाही. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, कॉइल नवी टाकली. दरवेळी सकाळच्या गारव्यात गल्लीत एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, गाडी ठणठणीत आहे, तिला ऊन सोसत नाही. तुलाही सोसत नाही. मला ते लाडाचं बोलणं वाटायचं. इतकी मी खुळी.

काल गाडी नेमकी पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर बसली. पेट्रोल आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज झाला. किक मारली, पहिल्याच किकेला सुरू. तो फुस्स आवाज ऐकून पंक्चरवाला हातातलं चाक सोडून उठला. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं, असं त्याने मला समजावलं. माझ्या गाडीचं भोक बुजलं होतं. त्याने झाकण उलटं करून टाचणी घातली. टाचणीला धूळ नाही, काळा गम लागला. इंजिनाच्या फटी बंद करायला लावतात तो.

"ताई, हा आपोआप नाही आला," तो म्हणाला. "कुणीतरी बसवलाय."

मी तिथेच उभी राहून मनातल्या मनात यांची वकिली केली. उन्हात पेट्रोल उडू नये म्हणून लावला असेल. डचमळून सांडत असेल. पण मग ती नवी कॉइल आठवली आणि माझं मलाच हसू आलं. ज्यांना नुसत्या कानाने इंजिनाचं पोट कळतं, त्यांना स्वतः बुजवलेलं भोक आठवलं नाही होय?

पेटी गार पोचली. संध्याकाळी घरी आले तेव्हा हे कुणाचं तरी इंजिन उघडून बसले होते. मान वर न करता विचारलं, "आज कुठे बंद पडली?"

बंद पडली का, असं नाही. कुठे.

"नाही पडली," मी म्हटलं.

दुसरा कुठलाही मिस्त्री खूश झाला असता. यांचा चेहरा पडला. कशी सुधारली, एवढंसुद्धा विचारलं नाही.

आज सकाळी निघण्याआधी मी झाकण उघडलं. भोकात ताजा गम होता, बोटाला चिकटला. हे दारातच उभे होते. मी ते बोट यांच्यासमोर धरलं. ओशाळतील, निदान खोटं तरी बोलतील, असं वाटलं होतं.

"उन्हातान्हात दारोदार फिरतेस," हे म्हणाले. "मला बघवत नाही."

"मग तोंडाने सांगायचं होतं, नोकरी सोड म्हणून."

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

"नाही."

"मग?"

इतक्या सरळपणे विचारलं, जणू मीच काहीतरी चुकले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला या माणसाची पहिल्यांदाच किळस आली. मी चिंधीला बोट पुसलं, टाचणीने भोक मोकळं केलं आणि झाकणाची यांच्याकडची दुसरी किल्ली मागितली.

"राहू दे माझ्याकडे," हे म्हणाले. "गाडी कुठे अडली तर लागेल."