यंदाची राणी मुंबईची

मुरारीला नाटकात राणीच्या कामावरून काढून राजा केला, तेव्हा माणसं त्याच्या घरी येऊन त्याला शाबासकी देऊन गेली.

"सुटलास रे बाबा लुगड्यातून!" म्हातारा भागोजी पाठीवर थाप मारत म्हणाला. मुरारी हसला. बढती मिळालेल्या माणसाने तोंड पाडून बसायची सोय नसते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. चैत्रात देवीची जत्रा, आणि जत्रेला गावच्या मुंबईकर मंडळींनी बसवलेलं नाटक. बायकांची कामं पुरुषच करायचे. गावातल्या कोणाची बहीण रंगमंचावर चढवली असती तर नाटक बाजूला राहून कोयतेच निघाले असते. मुरारी मिसरूड फुटायच्या आधीपासून राणी व्हायचा. वर्षभर तो नांगर धरणारा, भात लावणारा, चारचौघांसारखा गडी. पण जत्रा जवळ आली की तो मिशी सफाचट करायचा, पदर सावरत वाड्यांतून तालमीला जायचा आणि कोणी ब्र काढत नसे. देवीच्या नावावर सगळं खपून जायचं.

त्याला शिकवायची ती त्याची बायको, शकू. शिमगा सरला की तो तिच्या मागे लागायचा. निऱ्या किती घ्यायच्या? हंडा उचलताना पदर कुठे खोचतेस? राग आला की आधी मान वळते की डोळे? लग्नानंतर पहिल्या वर्षी शकूला लाजून मेल्यासारखं झालं होतं. पुढे तीच कमरेवर हात ठेवून सांगू लागली, "तसं न्हवं, असं."

गोंधळाला खरी सुरुवात झाली ती मागच्या गणपतीत. गिरणीत काम करणारा सयाजी, म्हणजे नाटक मंडळाचा सगळा कारभारी, मुंबईहून चावीचा ग्रामोफोन घेऊन आला. ओटीवर अख्खी वाडी जमली. एक जुनी तबकडी लागली. कोणी बाई नवऱ्याची आळवणी करत होती, आवाज असा की मुरारीच्या अंगावर काटा आला. गाणं संपलं आणि शेवटी घोगऱ्या पुरुषी आवाजात गाणाऱ्याने आपलं नाव सांगितलं. लोक खो खो हसले.

"म्हंजे बाप्या गात व्हता?" मुरारीने विचारलं.

"बाप्याच! शालू नेसून गायचा. मोठमोठी मान्सं तिकीट काडून बघायला जायची," सयाजी म्हणाला.

"परत लाव."

सयाजीने परत लावली. मुरारी आणखी एकदा लाव म्हणाला तेव्हा लोक कंटाळून उठले. त्याला मात्र छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं वाटत होतं. तो बाप्या शेवटी किती ठणठणीत नाव सांगत होता! लाज नाही, लपवाछपवी नाही.

मग थंडीत सयाजी पुन्हा आला आणि त्याला महाडला तंबूतला सिनेमा बघायला घेऊन गेला. त्यातला नायक पोलिसांना चुकवायला साडी नेसतो आणि ठुमकत चालू लागतो. तंबू नुसता दणाणून गेला. सयाजीने कोपर मारलं, "बघ, तुजाच धंदा!" मुरारीही मोठ्याने हसला. कान मात्र तापले. त्या नटाला पदर सांभाळता येत नव्हता आणि लोकांना तेच बघायचं होतं. शेवटी त्याने साडी भिरकावली, हुश्श केलं, तर टाळ्याच टाळ्या. मुरारीला लुगडं सोडताना कधी हुश्श वाटलं नव्हतं. एस.टी.ने परत येताना तो एकच विचार करत होता. आपण तबकडीतला की तंबूतला? आणि दोन्ही नसलो तर मग कोण? विचारायचं तरी कोणाला?

आणि आता हे. सयाजी फाल्गुनातच येऊन जाहीर करून गेला, "यंदा फर्स्टक्लास काम! राणीला मुंबईची नटी आणायची. पब्लिकला आता खरीखुरी बाई पायजे. मुरारी, तू राजा. मिशी वाढव."

मिशी वाढली. जो तो म्हणे, आता कसा शोभतोस! मुरारी आरशात बघायचा आणि त्याला वाटायचं, हे सोंग छान वठलंय.

नटी आली. बाई गरीब होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पाठांतर चोख. तिच्यावर राग धरावा तर तसं काही कारणही तिने दिलं नाही. देवळापुढच्या अंगणात भरदुपारी तालीम लागली आणि राजा अडखळला. बोलणं तोंडपाठ, पण हात कुठे ठेवायचे ते सुचेना. पाऊल कसं टाकायचं ते कळेना. शेतात रोज टाकतो ते पाऊल!

"आरं राजा हायेस तू! ताट उबा ऱ्हा!" सयाजी ओरडला. "बाप्यासारका बाप्या तू, तुला बाप्याचं काम जमंना?"

सगळे हसले. मुरारी तालीम सोडून घरी आला.

शकू पडवीत तांदूळ निवडत होती. म्हातारी सासू शेजारी गेली होती. तो समोर टेकला. तिने वर न बघताच म्हटलं, "यंदा तुमी मला काय इचारलंत नाय."

"राजाचं तुला काय इचारू?"

"नाय, खरंच हाय ते." तिचा हात सुपात थांबला. "एवडी वर्सं इचारत व्हतात, मला बरं वाटायचं. दुसऱ्या कुनाचा दादला इचारतो बायकूला काय? आता नाटकात बाई आली. माजं काम संपलं."

आपलंच काय ते गेलं, असं मुरारी इतके दिवस धरून चालला होता.

"शकू," तो म्हणाला, आणि मग थांबता येईना. "नाटक नसलं तरी मला नेसावंसं वाटतं गो. आजचं न्हवं, पयल्यापासून. कशापायी ते मला कळत नाय. लोक हसतात तसला मी न्हवं. पर मग कसला, ते बी कळत नाय."

शकू घाबरली. चेहऱ्यावर सरळ दिसलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि आत निघून गेली. मुरारीला वाटलं, संपलं. आता ही आईला सांगणार, माहेरी जाणार. आतून मागच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, पडवीचं दारही ओढून घेतलं. तिच्या हातात तिचं स्वतःचं हिरवं लुगडं होतं.

"मला बी काय कळत नाय," तिने लुगडं त्याच्या मांडीवर ठेवलं. "पर निऱ्या नीट घाला. मागल्या जत्रंला डाव्या अंगाला ढिल्या व्हत्या. मी बोलले नाय."