बिनऔषधाचे सहा तुकडे

"औषध घातलंच नाही? मग हा तुकडा थांबला कशानं?" सरांनी काचेची वाटी एवढ्या जोरात आपटली की मिठाचं पाणी टेबलभर झालं.

"निळ्या रंगानं, सर. दुसरं काही घातलंच नाही."

"हा उद्योग कुणी सांगितला तुम्हाला?"

सांगणार कोण? एकवीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या आतड्याचे तुकडे कोमट पाण्यात जगवायचं काम बाईंचं. तसा तुकडा तासन्‌तास वळवळतो, लाटेमागून लाट. त्यातल्या चेतापेशी मात्र रंगाशिवाय दिसत नाहीत. म्हणून आधी निळा रंग, मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा आणि शेवटी औषध, ही सरांची रीत. औषध पडलं की आतडं शांत. पोटात मुरडा येणाऱ्यांना हेच तारणार, असं सर चार वर्षं छापत आले होते. परवा बाई औषध घालायलाच विसरल्या. आतडं तरीही शांत झालं. मग त्यांनी मुद्दाम आणखी सहा तुकडे तसेच करून पाहिले. सहाही थांबले.

"रंग पेशी दाखवतो, सर, पण दाखवता दाखवता मारतो. पुढच्या महिन्यात हे औषध माणसांना देणार आहात तुम्ही."

"शिक्षण काय हो तुमचं? दहावी ना?"

"नापास. गणितात. पण सहापर्यंत येतं मोजता."

सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "वही आणा. ते पान फाडा."

"वहीतलं पान फाडायचं नाही, हे पहिल्या दिवशी तुम्हीच बजावलं होतंत."

पान सरांनीच फाडलं. चुरगाळून खिशात कोंबलं. "उद्यापासून खाली बाटल्या धुवायला जा. इथे तोंड दाखवू नका."

जाता जाता ते कोपऱ्यातल्या दुसऱ्या वाटीपाशी थबकले. तिच्यातला तुकडा सावकाश वळवळत होता.

"यात काय घातलंय?"

"काहीच नाही, सर. रंगसुद्धा नाही."

सर वाटीवर वाकले, एक लाट टोकापर्यंत गेलेली पाहिली. मग त्यांनी वाटीखालच्या हिटरचं बटण बंद केलं आणि दार आपटून निघून गेले.

बाईंनी सांडलेलं पाणी पुसलं. हिटर परत लावला. वहीत एकेचाळीस नंबरच्या पानानंतर एकदम त्रेचाळीस आलं होतं. त्या पानावर त्यांनी सहाही तुकड्यांच्या वेळा पुन्हा लिहून काढल्या, खाली सही केली, आणि स्टूल ओढून वाटीशेजारी बसल्या. पाणी कोमट व्हायला वेळ लागला. मग तुकड्याच्या एका टोकाकडून एक बारीकशी लाट निघाली.