आठ माइक आणि एक दोरी

"ड्रम आम्ही मशीनचेच टाकतो, मैत्री. घरी रेकॉर्ड केलेले ड्रम डब्यासारखे वाजतात." संगीतकार गोरक्षने फोनवर हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. त्याच्या अल्बममध्ये मी वाजवायचं ठरलं होतं. चार महिने तालीम केली आणि आता हा मशीनवर आला! मी म्हटलं, "रविवारी सहापर्यंत थांब. माझं रेकॉर्डिंग ऐक, मग काय ते ठरव." तो "बरं" म्हणाला, पण लहान मुलाची समजूत काढावी तसा.

मी तडक थेरगाव गाठलं. डांगे चौकाजवळ समर्थचं दुकान आहे, साउंडचं सामान भाड्याने देतो. त्याचं म्हणणं, जेवढे ड्रम आणि झांजा, तेवढे माइक. मला ते लगेच पटलं, आणि त्याला कारण माझी नोकरी. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर एकेक सुटा पार्ट तपासायचा आणि ओके असेल तर हिरवा टॅग लावायचा. आठ माइक आणून पिंपळे गुरवच्या आमच्या खालच्या खोलीत लावले, प्रत्येकाचा आवाज हेडफोनवर वेगळा ऐकला. आठही ओके. मी खूश.

शनिवारी सकाळी आठही एकत्र ऐकले आणि सगळाच विचका. स्नेअर, म्हणजे ज्या ड्रमवर गाण्याचा ठेका उभा असतो तो, पार पातळ झाला होता. खरंच डबा! तारा बदलल्या, माइक अदलाबदल केले, रागाच्या भरात खुर्चीला लाथही घातली. आता गोरक्ष हसणार आणि मला ऐकून घ्यावं लागणार, या विचाराने रडू यायला लागलं.

दारात पप्पा उभे होते. त्यांनी तीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढली. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

"काय बिनसलंय गं?"

"सगळे माइक ओके आहेत, पप्पा. एकत्र केले की आवाज मरतोय."

"तुम्हा क्वालिटीवाल्यांचं हेच. सुटे पार्ट पास केले की मोकळे. जोडल्यावर काय होतं ते आम्ही निस्तरायचो. एकेक काढत जा, कोण नडतोय ते कळेल."

राग आला, पण म्हणणं बरोबर होतं. एक माइक बंद केला. दुसरा केला. स्नेअर भरत चालला! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एकच ठोका आठ माइकपर्यंत आठ वेगवेगळ्या वेळी पोहोचत होता आणि ते आवाज एकमेकांनाच खात होते. शेवटी तीन माइक उरले. एक जाडजूड, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी. दोन बारीक, अगदी एकसारखे, वरून सगळा सेट ऐकणारे.

"पण हे वरचे दोन स्नेअरपासून सारख्या अंतरावर पाहिजेत," मी म्हटलं.

पप्पा टेप शोधत बसले नाहीत. सुतळी घेतली, एक टोक माझ्याकडून स्नेअरच्या मधोमध धरून घेतलं, पहिल्या माइकपाशी गाठ मारली आणि दुसरा माइक बरोबर त्या गाठीला आणून भिडवला. स्टँडचा स्क्रू असा आवळला की तो सोडवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागेल.

मी वाजवलं आणि ऐकलं. काय तो आवाज! मी पप्पांना मिठी मारली. ते म्हणाले, "अगं, कान फुटले माझे," पण बाहेर काही गेले नाहीत.

रविवारी दुपारी तीनला गाणं गोरक्षला पाठवलं आणि पाच माइक समर्थला परत द्यायला गेले. "तिनावर भागतं का कुठं? हौशी काम आहे हे," तो म्हणाला. मी त्याच्या कानाला हेडफोन लावला. त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग "आयला" म्हणाला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तिथेच गोरक्षचा फोन आला.

"मैत्री, मशीन काढून टाकलंय मी. बाकीची चार गाणीही तूच वाजव. स्टुडिओ नको, तुझ्या त्याच खोलीत कर. उद्या सकाळीच सुरू करू या?"

भर दुकानात नाचावंसं वाटत होतं. आवाज कसाबसा शांत ठेवला.

"सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट आहे, गोरक्ष. मी साडेतीनला सुटते. त्यानंतर फोन कर, बघते मला जमतंय का."