परीक्षेआधी उघडलेला डबा

ठमीला परीक्षेचं पत्र आलं बुधवारी सकाळी, आणि परीक्षा होती शनिवारी दुपारी चार ते सहा. हातात दिवस तीन आणि कंप्युटर सात वर्षांचा.

ठमी म्हणजे वहिनीची नणंद. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून पडलेलं नाव. आता ती चोवीस वर्षांची, काटकुळी झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. एका गेम बनवणाऱ्या कंपनीला घरबसल्या गेम तपासणारी माणसं हवी होती. गेम खेळायचा, कुठे अडकतो, कुठे चुकतो ते हुडकायचं आणि नीट लिहून कळवायचं. खेळण्यात आणि चुका काढण्यात ठमीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘चुका काढायचा पगार देणारं कोणी भेटलं की काय तुला?’ असं एरवी वहिनी म्हणाली असती. पण गेले चार महिने वहिनीने तिची थट्टा केली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी स्कूटर वहिनी चालवत होती. वळणावर सांडलेल्या तेलावरून चाक सरकलं. वहिनीचं कोपर खरचटलं. मागे बसलेल्या ठमीचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायची तिची नोकरी त्यात गेली. त्यावर ठमी एका शब्दानेही बोलली नाही, आणि वहिनीला तेच जास्त खात होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कंप्युटर मुळात ठमीच्या दादाचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा. तो जहाजावर कामाला, महिन्यातून दोनदा जेमतेम बोलणं व्हायचं. बुटांच्या खोक्यापेक्षा जरासा मोठा, काळा, गेम खेळण्यासाठी हौसेने जुळवलेला तो डबा त्या काळी म्हणे भन्नाट पळायचा. कंपनीने सरावासाठी पाठवलेला गेम ठमीने त्यावर लावला, तर चित्रं एकेक करून पुढे सरकू लागली, जणू कोणी सावकाश अल्बमची पानं उलटतंय. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: परीक्षेत गेम अडखळला तर ती जबाबदारी उमेदवाराची.

“राहू दे,” ठमी म्हणाली. “दुसरं काहीतरी बघेन.”

“मी करते त्याचं काहीतरी.”

“तू?”

“दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवते मी. डबा त्याहून मोठाच आहे.”

वहिनी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. अर्धा मिलिमीटर चुकला तर काच तडकते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. कंप्युटरवाल्या दुकानदाराने मात्र डबा पाहूनच मान हलवली. “ताई, यात काही घालण्यापेक्षा नवीनच घेऊन टाका.” नवीन घेण्याची ऐपत असती तर ती त्याच्याकडे आली कशाला असती? तिने त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावलं, तेव्हा कुठे त्याने सगळं सांगितलं. चित्र काढायचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड आधी बदला. दुसरं, रॅम दुप्पट करा. जुनी डिस्क हळू आहे, पण तिच्यामुळे अडणार नाही. आणि या डब्याचा पॉवर सप्लाय इवलासा, तेव्हा वेगळी वायर न लागणारं, कमी वीज खाणारं कार्डच घ्या. मोठं घ्याल तर सगळंच बंद पडेल.

रॅम तिने त्याच्याकडूनच वापरलेली घेतली. कार्डासाठी आतली जागा कामावरच्या व्हर्नियर मोजपट्टीने मोजली: एकशे सत्तर मिलिमीटर. जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळता चाळता गुरुवारी एका फोटोग्राफरने विकायला काढलेलं कार्ड सापडलं, लांबी एकशे अडुसष्ट.

शुक्रवारी काम सुटल्यावर ती त्याच्याकडे गेली. तो किल्ल्या हातात घेऊन दारातच उभा होता.

“कार्ड चांगलं आहे. घ्या आणि निघा, मला उशीर होतोय.”

“चालू करून दाखवा.”

“अहो बाई, माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुमची माझी ओळख कुठंय? मग विश्वास कुठून आणू?” असं म्हणून ती दारातून हललीच नाही. शेवटी तो धुसफुसत आत गेला, कार्ड स्वतःच्या कंप्युटरला लावून दाखवलं. चित्र झरझर पळालं. तिने दहा मिनिटं पाहिलं, पंख्याला कान लावून ऐकलं आणि मग पैसे दिले. ती जिना उतरताना फोटोग्राफरने नमस्कारसुद्धा केला नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा. साडेबाराला घरी येऊन तिने डब्याच्या सगळ्या वायरी काढल्या आणि स्क्रीनसकट तो आतल्या खोलीतल्या टेबलावर आणला.

“तू सरावाचं वाच, मी जोडून आणते,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पाहणारं कोणी असलं की तिचा हात जड व्हायचा.

जुनं कार्ड निघालं. त्यावर सात वर्षांची धूळ लोकरीसारखी बसली होती. रॅम खट्‌कन बसली. नवं कार्ड मात्र शेवटच्या दोन मिलिमीटरला अडलं. समोरच्या बाजूच्या वायरींची जुडी मधे येत होती. जागा मोजताना तिने पत्रा मोजला होता, वायरी नाही. तिने स्वतःलाच एक शिवी हासडली, जुडी चपटी करून चिकटपट्टीने कडेला दाबली, आणि कार्ड जेमतेम आत गेलं. दीड वाजला होता.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पण स्क्रीन काळीच.

अर्धं मिनिट तिने वाट पाहिली आणि बंद केलं. स्क्रीनची वायर तपासली, पुन्हा चालू केलं. काळी. नवी रॅम काढून पाहिली, परत घातली, जागा बदलून पाहिली. कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा काच पुसायच्या कापडाने पुसल्या. दर वेळी पंखे उत्साहाने फिरायचे आणि स्क्रीन ढिम्म.

बाहेर कुबडी वाजली. टक, टक. “वहिनी, झालं का?”

“होतंय. पाच मिनिटं!”

सव्वादोनला तिने ठरवलं, जुनं कार्ड परत बसवायचं. अडखळत का होईना, परीक्षा तरी देता येईल. नवी रॅम काढली, जुनं कार्ड लावलं, सगळं होतं तसं केलं आणि बटण दाबलं.

काळी.

काल रात्रीपर्यंत चालणारं यंत्र आता होतं तसंही चालत नव्हतं. तिने आणखी एकदा चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. बोटं घामाने ओली झाली तशी ती साडीच्या पदराला पुसत राहिली. बाहेरून पुन्हा विचारणा झाली, तिने पुन्हा पाच मिनिटं सांगितली.

तीनला दहा कमी असताना तिने दार उघडलं. ठमी दाराशीच खुर्ची ओढून बसली होती, मोडका पाय स्टुलावर.

“ठमे, बिघडलं.”

“काय?”

“सगळंच. जुनं कार्डसुद्धा चालेना आता.”

“कधीपासून?”

“दीडपासून.”

“दीडपासून! आणि मी विचारतेय तर पाच मिनिटं, पाच मिनिटं?”

“कुठल्या तोंडाने सांगणार होते? आधी तुझा पाय मोडला मी, आणि आता हे...”

“पाय तेलाने मोडला,” ठमी कडाडली. “तू मोडला असतास तर मी गप्प बसले असते? माझं तोंड ठाऊक नाही तुला?”

“मग चार महिने का गप्प होतीस?”

“कारण तू गप्प होतीस! औषध देतेस, जेवायला वाढतेस, आंघोळीचं पाणी काढतेस, पण धड बोलत नाहीस. मला वाटलं, तुला माझा वैताग आलाय. रोज वाटायचं, आज म्हणशील, आता जा कुठेतरी.”

वहिनीचे डोळे भरून आले.

“आत्ता नाही हं,” ठमीने बोट उगारलं. “रडायचं ते सहा वाजल्यानंतर. मला आत घे आणि काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग.”

वहिनीने सांगितलं, एकही पायरी न गाळता. ठमी डोळे बारीक करून ऐकत होती, गेममधली चूक हुडकावी तशी.

“चालू केल्यावर किती वेळाने बंद करत होतीस?”

“अर्ध्या मिनिटाने. चित्र येईना म्हणून.”

“आणि भिंतीतली वायर काढली होतीस?”

“काढायलाच हवी ना? शॉक बसला असता.”

ठमीने कपाळावर हात मारला. “अगं, आत बटणाएवढा एक सेल आहे, तो कधीचा मेलाय. वायर काढली की हा डबा सगळं विसरतो. मग उठायला तीन-चार मिनिटं घेतो. वीज गेली की दादा चालू करून सरळ आंघोळीला जायचा! तू दर वेळी त्याला उठता उठता झोपवत होतीस.”

“मला कसं कळणार?”

“मला विचारून कळलं असतं!”

तीन वाजून पाच मिनिटं. जुनंच ठेवून पाहायचं की नवं लावायचं? वहिनीने ठमीकडे पाहिलं.

“नवं लाव,” ठमी म्हणाली. “जुन्यावर मी नापासच आहे.”

ठमीने मोबाइलचा उजेड धरला. या वेळी वहिनीचा हात जड झाला नाही. रॅम, कार्ड, स्क्रू. बटण.

पंखे फिरले. एक मिनिट, दोन मिनिटं. स्क्रीन काळी. पंखे एकदम थांबले आणि पुन्हा सुरू झाले. वहिनीचं बोट आपसूक बटणाकडे गेलं; ठमीने तिचं मनगट घट्ट पकडलं. तीन मिनिटं. चार. पाचवं मिनिट लागलं तेव्हा ठमीची पकडही सैल पडायला लागली.

आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली.

ओरडायलाही सवड नव्हती. नव्या कार्डाचं सॉफ्टवेअर वहिनीने दुकानातल्या कंप्युटरवरून पेन ड्राइव्हवर आणलं होतं. ते चढायला लागलं, पण जुनी डिस्क कुरकुरत राहिली आणि आकडा बासष्ट टक्क्यांवर रुतून बसला. तीन चाळीसला सुटला. ठमीने परीक्षेचं पान उघडलं. पान उघडेना. पुन्हा. नाहीच.

“पासवर्ड चुकला?” वहिनीने विचारलं.

“तिथपर्यंत जाऊच देत नाहीये.” ठमीची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. “वहिनी, याच्या लेखी अजून सात वर्षांपूर्वीचं चालू आहे!”

तारीख बदलली. वेळ बदलली. तीन चोपन्नला पान उघडलं, आणि चारच्या ठोक्याला परीक्षेचा गेम सुरू झाला. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं.

डब्याचं झाकण लावायला वेळच मिळाला नव्हता, ते एका अर्थी बरंच झालं. पाऊण तासाने वहिनीला आतून बारीक खरखर ऐकू आली. चिकटपट्टी गरम होऊन सुटत होती आणि वायरींची जुडी कार्डाच्या पंख्यावर कलत होती. एखादी वायर पात्यात सापडली असती तर खेळ खलास. यंत्र बंद करता येत नव्हतं. ठमीला सांगितलं असतं तर तिचं लक्ष उडालं असतं. पण आज पुन्हा काही लपवायची वहिनीची तयारी नव्हती.

“वायर पंख्याकडे येतेय,” ती हळूच म्हणाली. “मी धरून ठेवते. तू खेळ.”

“धर,” ठमी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

वहिनीने कामावरचा प्लॅस्टिकचा चिमटा घेतला, जुडी अलगद मागे ओढली आणि टेबलापाशी गुडघ्यांवर बसली. गरम हवा मनगटावर येत होती. दहा मिनिटांत खांदा दुखायला लागला, अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. हात बदलायला तिने एकदा धीर केला. वायर पात्याला चाटून गेली, टर्रर्र आवाज झाला आणि दोघी दचकल्या. चित्र थांबलं नाही. त्यानंतर तिने हात बदलला नाही. वर ठमी भराभर लिहीत होती, मधूनच पुटपुटत होती: “पुलावरून उडी मारली की माणसाची सावली मागेच राहते. सापडलास, गड्या!”

सहा वाजता ठमीने पाठवायचं बटण दाबलं आणि मान मागे टाकली. वहिनीने यंत्र बंद केलं, पंखा पुरता थांबेपर्यंत थांबली, मग चिमटा सोडला. बोटं उघडेनात. ठमीने तो हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत सरळ केलं. मग दोघी अपघाताच्या दिवसाबद्दल बोलल्या. वळणाबद्दल, तेलाबद्दल, दवाखान्यातल्या त्या पहिल्या रात्रीबद्दल. अंधार पडला तरी दिवा लावायचं दोघींना सुचलं नाही.

निकाल पुढच्या गुरुवारी लागला. वहिनी दुकानात मागच्या खोलीत होती. फोनवर ठमीचा निरोप आला: “घेतलं. आधी दोन महिने अर्ध्या पगारावर, मग पूर्ण. एकोणीस चुका काढल्या, त्यातल्या सहा त्यांनाही माहीत नव्हत्या. संध्याकाळी लवकर ये, मला कोणालातरी पिडायचंय.”

वहिनीने हातातली काच जपून खाली ठेवली, मालकाला सांगितलं की ती दहा मिनिटं बाहेर बसणार आहे, आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली.