ऑक्टोपसने जमवलेलं लग्न

रविवारी तोमासाबाईंच्या खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं टेबलांवर चढली होती, म्हातारे खुर्च्यांवरून भांडत होते. मधोमध काचेची टाकी, तिच्यात ऑक्टोपस, वर दोरीने करकचून बांधलेलं फळीचं झाकण. शेजारी शिंपले घातलेलं पाण्याचं घमेलं. महिनाभर तिथेच फुकट जेवणाऱ्या बेलिसारिओबाबांनी दोन्हींवर काळं कापड टाकलं आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. थोड्या वेळाने कापड उचललं, तर दोरी जशीच्या तशी आणि ऑक्टोपस घमेल्यात. अख्ख्या सान रोमान बंदराने छातीवर क्रूस काढला.

"आत्म्याला झाकण कसलं अडवतंय?" बाबा म्हणाले. "बाई, हा तुमचा फाउस्तो आहे. म्हणतोय, बेलिसारिओशी लग्न कर."

आत्म्याची निवड बाबांच्या चांगलीच सोयीची होती, पण बोलणार कोण? तोमासाबाईंच्या नवऱ्याला, फाउस्तोला, समुद्राने नेलं होतं. त्याच्या आदल्या खेपेला त्यानेच हा ऑक्टोपस इवलंसं पिल्लू असताना आणला होता आणि तो शिजवायला तोमासाबाईंचा हात धजावला नव्हता. बाबा त्यांना डोळ्यांसमोरही नको होते. पण गेलेल्या नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा? पुढच्या रविवारी होकार देते, असं त्या रडत रडत म्हणाल्या.

हे ऐकून शाळेतल्या ओदिलिया मास्तरीणबाई तडक खाणावळीत आल्या. त्यांनी झाकणातलं हवेच्या नळीचं भोक दाखवलं.

"त्यातून लिंबूसुद्धा जायचं नाही," तोमासाबाई म्हणाल्या.

"लिंबू नाही जाणार. ह्याला हाड कुठे आहे? तोंडातली चोच तेवढी टणक, ती बाहेर निघाली की सगळा निघाला. आता सांगा, तो घमेल्यातच का जातो?"

तोमासाबाईंनी घमेल्यातले शिंपले उपसले. खाली खेकड्याची नांगी सापडली आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना खळखळून हसू आलं. सगळं गाव खेकडा लावूनच ऑक्टोपस धरतं. पण सध्या मासेमारीला बंदी, त्यामुळे गावाने गळाबरोबर अक्कलही गुंडाळून ठेवली होती.

दोघींनी भोकाभोवती आतून पायपुसण्याचा खरखरीत तुकडा चिकटवला. खरखरीत जागी ऑक्टोपसच्या पायांवरच्या चिकटणाऱ्या वाट्या धरत नाहीत.

रविवारी बाबा घसा बसेपर्यंत पुटपुटले. कापड उचललं, ऑक्टोपस टाकीतच. पुन्हा टाकलं, पुन्हा उचललं, तो तिथेच. आत्मा रुसलाय, असं बाबांनी घाम पुसत जाहीर केलं.

तोमासाबाईंनी पायपुसणं खरवडून काढलं, शिंपल्यांखालची खेकड्याची नांगी उचलून बाबांच्या टोपीत टाकली आणि टोपी भोकापाशी धरली. ना कापड, ना मंत्र. एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग मळलेल्या कणकेसारखा चेपत सगळा ऑक्टोपस टोपीत.

"बाबा, आता फाउस्तोला बाईंचं लग्न तुमच्या टोपीशी लावायचंय," मागून कोणीतरी म्हणालं आणि खाणावळ हसून लोळायची बाकी राहिली.

तोमासाबाईंनी ऑक्टोपसला अलगद पाण्यात सोडलं. "कुणी चमत्कार दाखवला की आधी कापड उचलून बघा," त्या म्हणाल्या. "हात जोडायला नंतर वेळ असतोच. माझा फाउस्तो भांडायचा तेही तोंडावर, तो असले निरोप धाडणार नाही. ज्याला माझ्याशी लग्न करायचंय, त्याने मला विचारावं. नाही म्हणायला मला तोंड आहे."